गाण्याविषयी लिहिण्याचा आगाऊपणा

संगीतावर लिहिणाऱ्याची पहिली अडचण अगदी साधी आहे. कादंबरीचा समीक्षक कादंबरीतला उतारा देऊ शकतो. चित्राचा समीक्षक लेखाशेजारी चित्र छापू शकतो. नाटकाच्या समीक्षकाला निदान संहितेचा आधार असतो. गाण्यावर लिहिणाऱ्यापाशी मात्र वाचकाला दाखवण्यासारखे काहीच नसते. ज्याविषयी तो बोलतो ते भैरवी संपताच हवेत विरलेले असते, आणि वाचकांपैकी बहुतेकजण त्या बैठकीला हजर नसतात. त्यामुळे त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याची सोय कुणालाच नसते. जिथे पडताळा नाही तिथे आगाऊपणाला मोकळे रान मिळते.

मी गेली काही वर्षे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गाण्याबजावण्यावर अधूनमधून लिहितो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यातली भजने, दशावताराची नाटके, गणपतीतल्या आणि सप्ताहातल्या बाऱ्या, क्वचित एखादी शास्त्रीय मैफल. या निमित्ताने मराठीतली संगीतसमीक्षा बरीच वाचली आणि तिच्यातली काही वाक्ये इतक्या ठिकाणी भेटली की ती पाठ झाली. स्वरांनी आसमंत भारून गेला. रसिक स्वरगंगेत न्हाऊन निघाले. गायकाने रागाचे अमूर्त शिल्प साकारले. श्रोत्यांची ब्रह्मानंदी टाळी लागली. ही वाक्ये कुणा एकाची नाहीत, ती सार्वजनिक पाणवठ्यावरची आहेत. ज्याला घागर भरायची असेल त्याने भरून न्यावी.

या वाक्यांची एक सोपी परीक्षा आहे. वाक्यातले गायकाचे नाव काढून दुसरे घालावे, रागाचे नाव बदलावे, गावाचे बदलावे, आणि वाक्य खोटे ठरते का ते पाहावे. ठरत नसेल तर त्या वाक्यात त्या संध्याकाळचे काहीच नाही. ते मैफलीवर लिहिलेले नाही, मैफल ऐकलेल्या लेखकाच्या थोरवीवर लिहिलेले आहे. संगीतसमीक्षेतला आगाऊपणा म्हणतात तो हाच. मात्र हा आगाऊपणा केवळ लेखकाच्या स्वभावातून येत नाही. बराचसा या कामाच्या अवघडपणातून येतो. ते अवघडपण कुठे आहे हे समजले तर आगाऊपणा थोडा तरी आवरता येईल, अशा विचाराने हा लेख लिहितो आहे.

बारीतले श्रोते काय बोलतात

आमच्याकडे संगीताची समीक्षा छापून येत नसली तरी होत नाही असे नाही. ती ऐकायची तर डबलबारीला जावे. घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा समोरासमोरचा सामना. प्रत्येक मंडळाचा मुख्य गायक तो बुवा. बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, बाजूला पखवाज, मागे झांज आणि कोरस. एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची. स्तवन, अभंग, गजर, गवळण असे प्रकार क्रमाने येतात आणि मधूनमधून एक बुवा दुसऱ्याला पुराणातला एखादा प्रश्न गाण्यातूनच टाकतो, त्याचे उत्तर पुढच्या बारीत यावे लागते. रात्री सुरू झालेला सामना पहाटेपर्यंत चालतो, आणि मांडवातला प्रत्येक माणूस परीक्षक असतो.

हे परीक्षक बोलतात ते ऐकण्यासारखे असते. "वर गेलो काय गळो पातळ जाता." "पखवाज बुवाच्या पुढे धावता." "चाल बरी, पण शब्द कळाक नाय." "पेटीन आज बुवाक सांभाळल्यान." एकेक वाक्य पाच-सहा शब्दांचे. पण प्रत्येक वाक्य तपासता येते. वरच्या सप्तकात आवाज खरोखर पातळ होतो की नाही, हे पुढचा अभंग सुरू झाला की शेजारच्याला कळते. पखवाज धावतो की नाही, हे तर पायाने धरलेल्या ठेक्यावरूनही कळते. बोलणारा चुकीचा असेल तर तिथल्या तिथे त्याला कुणीतरी गप्प करतो. हीच माणसे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'भजनसंध्येत रसिक मंत्रमुग्ध' असे वाचतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. छापील भाषा वेगळी असायची, असे आपण सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केले आहे.

दशावतारातही तेच. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, संवाद मात्र रंगमंचावर उभे राहून बोलायचे. पदेही नट आपल्या मगदुरीप्रमाणे घेतो. बोलता बोलता तो गाण्याकडे वळतो, तेव्हा पेटीवाल्याला त्याच्या बोलण्याच्या स्वरावरून आणि शेवटच्या शब्दावरून ओळखावे लागते, की आता हा कुठली पट्टी धरणार. मृदंगवाल्याची नजर नटाच्या पावलावर. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर अशा मंडळ्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ते जत्रेतले प्रेक्षक या देवाणघेवाणीवर बारीक लक्ष ठेवून असतात. पेटी अर्धा क्षण उशिरा लागली तर ती गोष्ट सकाळी चहाच्या टपरीवर निघते. या बोलण्याला कुणी समीक्षा म्हणत नाही. मला मात्र ती आपल्याकडच्या एका फार जुन्या परंपरेची शाखा वाटते.

देवगिरीचा हिशेबनीस

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे काम राज्याच्या हिशेबाचे आणि त्याचा ग्रंथ 'संगीतरत्नाकर'. या ग्रंथात त्याने गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. त्या यादीवर नुसती नजर टाकली तरी मौज वाटते. दात आवळून गाणारा तो 'संदष्ट'. भीत भीत गाणारा 'भीत'. तोंड भयंकर वासून गाणारा 'कराली'. कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा 'काकी'. तालातून सुटणारा 'विताल'. उंटासारखी मान वर करणारा 'करभ'. गाताना ज्याच्या कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा फुगतात तो 'झोंबक'. मान वाकडी करणारा 'वक्री'. डोळे मिटून गाणारा 'निमीलक'. अक्षरे न कळणारा 'अव्यक्त'. तिन्ही सप्तकांत न पोचणारा 'स्थानभ्रष्ट'. एका रागात दुसरा मिसळणारा 'मिश्रक'. लक्ष नसलेला 'अनवधान'. नाकात गाणारा 'सानुनासिक'.

या यादीत एकही शब्द असा नाही की ज्यासाठी समीक्षकाला डोळे मिटून अंतर्मुख व्हावे लागेल. यातले अर्धे दोष तर बहिऱ्या माणसालाही दिसतील. मांडवातला आमचा श्रोता "शब्द कळाक नाय" म्हणतो तेव्हा तो शार्ङ्गदेवाचा 'अव्यक्त' हा दोष सांगत असतो. सातशे-आठशे वर्षांचे अंतर आणि दोन भाषा मध्ये असूनही दोघांचे बोलणे एकाच जातीचे आहे. जे ऐकले आणि पाहिले, ते दुसऱ्यालाही ऐकता-पाहता येईल अशा शब्दांत सांगायचे.

पण या यादीकडे जरा वेळ पाहिले की दुसरी गोष्ट ध्यानात येते आणि खरी अडचण तिथे सुरू होते. दोष सांगता येतात. गुणही काही सांगता येतात, आणि शार्ङ्गदेवाने ते सांगितलेही आहेत. आवाज गोड असावा, तिन्ही स्थानांत फिरावा, ताल पक्का असावा, राग ओळखता यावेत. पण हे पंचवीसही दोष ज्याच्यात नाहीत आणि हे सर्व गुण ज्याच्यात आहेत, असा गायक तरीही कंटाळवाणा असू शकतो. उलट मान वाकडी करणारा, डोळे घट्ट मिटणारा, वरच्या सुरात थोडा चिरकणारा एखादा म्हातारा बुवा अंगावर काटा आणून जातो. निर्दोष गाणे आणि मोठे गाणे यांच्यामधली जी जागा आहे तिला यादीतला एकही शब्द पुरत नाही. 'ब्रह्मानंदी टाळी' याच जागेत घुसते.

स्वर तेच, राग वेगळा

शास्त्राची भाषा वापरली तर ही जागा भरून निघेल, असे पुष्कळांना वाटते. विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीवर मोठा उपकार केला. रागांची माहिती त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिली आणि शेकडो चिजा स्वरलिपीत आणल्या. त्यामुळे संगीतावर बोलणाऱ्याला पहिल्यांदा एक सामाईक जमीन मिळाली. पण त्या जमिनीची हद्दही स्पष्ट आहे.

भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. नुसते स्वर कागदावर मांडले तर दोन्ही रागांचे आरोह-अवरोह जवळपास सारखे दिसतील. तरी भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. भूपाचा जीव गंधारात आणि सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, देशकाराचा धैवतात आणि वरच्या अर्ध्यात. गायक कुठल्या स्वरावर थांबतो, कुठल्या स्वराला नुसता स्पर्श करून निघून जातो, वरून खाली येताना कुठे रेंगाळतो, यावर रागाचे नाव बदलते. स्वरलिपी स्वर सांगते, स्वराचे वजन सांगत नाही. वजन सांगायला शेवटी शब्दच लागतात. रेंगाळणे, स्पर्श करणे, टेकणे, ओलांडणे.

हे सगळे शब्द शरीराच्या हालचालीचे आहेत. स्वर खरे तर कुठे टेकत नाही की ओलांडत नाही. तेव्हा संगीताविषयी लिहायचे तर दुसरीकडून शब्द उसने आणण्यावाचून गत्यंतर नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 'चढा' सूर, 'गोड' गळा, 'गोल' आवाज, 'पातळ' आवाज, 'भरीव' आलाप. चव, स्पर्श, आकार, उंची सगळे उसनेच. मग 'पातळ गळा' हे शब्द आपल्याला खरे का वाटतात आणि 'अमूर्त शिल्प' पोकळ का वाटते? माझ्या मते फरक इतकाच, की पहिली उसनवारी फेडता येते. 'पातळ' म्हणजे काय, असे विचारले तर सांगणारा म्हणेल, खालच्या सुरात आवाजाला जो भार होता तो वर राहत नाही, ऐक. दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला तर आणखी एक तसाच शब्द मिळतो.

ज्यांनी हे काम गंभीरपणे केले

मराठीत या अडचणीला सामोरे गेलेली माणसे आहेत, आणि ती बहुतेक सगळी स्वतः गाण्यात बुडालेली होती. गोविंदराव टेंबे पेटीवादक. 1911 सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक 1939 साली आले. त्यातला लेखक हाताने गाण्याला स्पर्श केलेला माणूस आहे हे पानोपानी कळते. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गायकांवर लिहिले. ते स्वतः संगीतकार होते, प्रभातच्या 'संत तुकाराम' (1936) आणि 'कुंकू' (1937) या चित्रपटांचे संगीत त्यांचे. त्यांना टोपणनाव का घ्यावेसे वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्यावर पुढे बोलू.

वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (1961) या पुस्तकाने एक मोठी गोष्ट केली. वामनराव व्यवसायाने हिशेब तपासनीस. शार्ङ्गदेवाप्रमाणेच आकड्यांत वावरणारे. त्यांनी घराणी एका पट्टीवर मांडली. पट्टीच्या एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा घराणे स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, आणि जयपूर मध्यभागी, जिथे दोन्हींचा तोल साधतो. ही मांडणी पटो न पटो, ती तपासता येते. एखादा म्हणू शकतो की आग्र्याच्या अमुक गायकाच्या आलापाला ती लागू पडत नाही, आणि वाद पुढे नेता येतो. तिच्याबद्दल सहज सुचणारी शंका अशी, की वामनरावांची स्वतःची तालीम मोगूबाई कुर्डीकरांकडची, म्हणजे जयपूरची, आणि तोलाचा मानही जयपूरकडेच गेला. पण शंका घेता यावी इतके स्पष्ट लिहिणे हाच या पुस्तकाचा मोठेपणा आहे. धुक्यावर कुणाला शंका घेता येत नाही.

पुढे श्रीकृष्ण ऊर्फ बबनराव हळदणकर यांनी आग्रा आणि जयपूर या दोन्ही परंपरांच्या सौंदर्यविचारावर 'जुळू पाहणारे दोन तंबोरे' हे पुस्तक लिहिले. त्यांनी मोगूबाईंकडून जयपूरची आणि खादिम हुसेन खाँ यांच्याकडून आग्र्याची तालीम घेतली होती. बबनरावांचे वडील म्हणजे सावंतवाडीत जन्मलेले थोर चित्रकार सावळाराम हळदणकर. आमच्या मातीशी नाते असलेल्या एका गायकाने दोन घराण्यांची तुलना आतून करावी, याचा मला जरा जास्तच आनंद वाटतो.

अशोक दा. रानडे यांचा मार्ग वेगळा. 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (1971), 'लोकसंगीतशास्त्र' (1975) अशा पुस्तकांतून त्यांनी मराठीत संगीतविचाराची परिभाषा उभी केली. संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी त्यांनी मांडल्या. या मांडणीचा उपयोग मला आमच्या डबलबारीकडे पाहताना झाला. बारीत अभंग आहे म्हणून ती भक्तिसंगीत. सामना आहे, बुवांचे चाहते आहेत, लोकप्रिय गाण्यांच्या चाली आहेत म्हणून जनसंगीत. बुवा रागाची जागा दाखवतो, तान घेतो, म्हणून कलासंगीताचाही अंश. एका कोटीत ती मावत नाही, आणि का मावत नाही हे सांगायला कोटी असाव्या लागतात. रानड्यांची भाषा कठीण आहे. पण कठीण लिहिणे आणि कठीण दिसावे म्हणून लिहिणे यांत फरक आहे. रानड्यांचा शब्द काढून टाकला तर विचाराचा एक सांधा निखळतो. त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांच्या लेखनातून असे शब्द काढले तर लेख फक्त आखूड होतो.

म्हणजे आगाऊपणाची दोन रूपे आहेत. एक कवितेचा अंगरखा घालते, दुसरे शास्त्राचा. दुसऱ्या रूपाची थट्टा बर्नार्ड शॉ याने 1890च्या दशकातच केली होती. नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी शॉ लंडनच्या पत्रांत संगीतसमीक्षा लिहीत असे, आणि सुरुवातीला तर 'कोर्नो दि बासेत्तो' या मजेदार टोपणनावाने. संगीतरचनेचे व्याकरणी विच्छेदन करणाऱ्या समीक्षकांची खोड मोडण्यासाठी त्याने हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचे तसेच विच्छेदन करून दाखवले. कुठले क्रियापद आधी आले, ते पुढे कसे उलटले, मग कुठले अव्यय लागले, असे सगळे. विश्लेषण बिनचूक, आणि हॅम्लेटला काय झाले आहे याचा पत्ता नाही. आपल्याकडे 'गायकाने नि रे ग ही संगती घेऊन षड्जावर न्यास केला' असे चार परिच्छेद वाचले की मला शॉ आठवतो. ते खोटे नसते. पण ते झाले म्हणून काय झाले, हे सांगायचे राहून गेलेले असते.

गावात राहायचे आहे

आता टोपणनावाविषयी. संगीताचे जग लहान असते. गायक, साथीदार, आयोजक आणि समीक्षक एकमेकांना ओळखतात, एकाच पंगतीला बसतात. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात तर ओळखीच्या पलीकडे नातेच निघते. एका बारीवर लिहिताना मी दुसऱ्या बुवांचा सूर उत्तररात्री उतरू लागला असे लिहिले, तेव्हा दोन दिवस मला फोन येत होते. सूर उतरला की नाही, याबद्दल एकानेही विचारले नाही. मी पहिल्या बुवांच्या बाजूचा कधीपासून झालो, एवढेच सगळ्यांना हवे होते.

तेव्हा अलंकारिक भाषा हा पुष्कळदा आडोसा असतो. ज्याला स्पष्ट बोलायचे नाही तो धुक्यात शिरतो. 'स्वरांनी आसमंत भारून गेला' हे वाक्य लिहिणारा दरवेळी अडाणी असतो असे मुळीच नाही. त्याला पखवाज धावलेला कळलेला असतो. पण पखवाजवाला त्याच्या मेव्हण्याचा मित्र आहे. मराठी संगीतसमीक्षेतल्या आगाऊपणाचा मोठा वाटा खरे तर भिडस्तपणाचा आहे, आणि म्हणून तो केवळ भाषा सुधारून जाणार नाही.

भाषेत दडलेली दुसरीही एक गोष्ट आहे. 'घरंदाज' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, घराण्याचा आणि खानदानी, कुलीन. केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) या दोघी गोव्याच्या, आमच्या शेजारच्याच मुलखातल्या, कलावंत समाजात जन्मलेल्या. ज्या समाजाला बाहेरचे जग कुलीन म्हणायला तयार नव्हते त्यातल्या स्त्रियांनी 'घरंदाज' गायकीचा कळस गाठला. मग त्यांच्या गाण्याबद्दल बोलताना 'सात्त्विक', 'सोज्ज्वळ', 'तपस्विनी' असे शब्द वापरले जातात तेव्हा ते गाण्याचे वर्णन करतात की गायिकेला प्रतिष्ठेचा दाखला देतात? दाखला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण केसरबाईंच्या तानेतला दमसास, तिची रुंदी, आवाजाचा खणखणीतपणा हे सांगायला सोज्ज्वळ हा शब्द काय कामाचा? विशेषण सैल असले की त्यात गाण्याऐवजी भलतेच काही भरता येते.

काय हरवते

इतके अवघड आणि इतके फसवे काम असेल तर ते करावेच कशाला? ज्याला ऐकायचे तो ऐकेल. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर मला भास्करबुवा बखल्यांकडे सापडते. भास्करबुवा 1869 साली जन्मले, 1922 साली गेले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची तालीम घेतलेला हा गायक, बालगंधर्वांचा गुरू, 'स्वयंवर' नाटकाच्या चालींचा कर्ता. त्यांच्या काळात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या, पण त्यांच्या आवाजाची एकही मुद्रिका उपलब्ध नाही. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ 1946 सालापर्यंत जगले, त्यांचीही नाही. या दोघांच्या गाण्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे ते शिष्यांच्या गळ्यातून आणि टेंब्यांसारख्यांच्या लेखणीतून. तिथे लेखकाने 'ब्रह्मानंदी टाळी' एवढेच लिहिले असते तर लेखणीची वाट बंद झाली असती. त्याने बुवा सम कशी गाठत, चीज कशी मांडत, साथीदाराशी कसे वागत हे लिहिले, म्हणून थोडे काही वाचले.

मुद्रिका असली तरी प्रश्न सुटत नाही. केसरबाईंची भैरवी 1977 साली 'व्हॉएजर' यानांतून अवकाशात गेली. ती मुद्रिका साडेतीन मिनिटांच्या आसपासची आहे. तासभर राग उभा करणाऱ्या गायिकेची ती एक खिडकी. मोठा ख्याल ऐकताना समोरच्या माणसांना काय जाणवत होते ते लिहिणाऱ्यानेच सांगायचे.

आणि आमचे बुवा, आमचे दशावतारी नट? दहापाच पिढ्या जत्रेजत्रेत गाऊन गेल्या. बत्तीच्या उजेडात, ध्वनिक्षेपकावाचून, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणारे गळे होते. तो आवाज कसा लावत असत? पेटी येण्याआधी सूर कशावर धरत? एका पदावरून दुसऱ्यावर जाताना मृदंगाचा ठेका कोण बदलत असे, नट की मृदंगवाला? म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ती म्हणतात, "काय गायत व्हते!" यापुढे शब्द संपतात. त्यांची मुद्रिका निघाली नाही, आणि त्यांच्या वाट्याला टेंबेही आला नाही.

आज उलटी स्थिती आहे. प्रत्येक बारी कुणाच्या तरी फोनवर उतरते. तासन्‌तास आवाज साठला आहे. तरी त्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. या बुवाने ही चाल कुठून उचलली, पंधरा वर्षांपूर्वी याच अभंगाला कुठली चाल होती, मोठे ध्वनिक्षेपक आल्यावर पखवाजाचा हात जड का झाला, बुवांनी गळा सैल सोडून गाणे का सुरू केले, लोकप्रिय गाण्याची चाल अभंगाला लावल्यावर मांडवातल्या कोणत्या रांगा खूश झाल्या आणि कोणत्या उठून गेल्या, हे चित्रफितीत दिसत नाही. ते लिहावे लागते, आणि ज्यांना आठवते आहे ती माणसे आहेत तोवरच लिहावे लागते.

लिहिणाऱ्यासाठी थोडे नियम

मी स्वतःपुरते काही नियम ठेवले आहेत. ते कुणावर लादण्याचा विचार नाही, पण उपयोगी पडतील म्हणून सांगतो. पहिला, विशेषणाआधी क्रियापद शोधावे. 'आलाप सुंदर होता' यापेक्षा 'आलापात ते बराच वेळ गंधारापलीकडे गेलेच नाहीत' हे वाक्य जास्त सांगते, आणि वाचकाला स्वतःचे मत करण्याची मोकळीक देते. दुसरा, साथीदारांना 'उत्तम साथ केली' या तीन शब्दांत गुंडाळू नये. निम्मे गाणे तिथे घडत असते. तिसरा, अध्यात्माचे शब्द गाण्यातल्या माणसांसाठी राखून ठेवावेत. अभंग गाणाऱ्याला विठ्ठल दिसला असेल तर ते त्याने सांगावे, मी पंधराव्या रांगेत होतो. चौथा, आपण कुठे बसलो होतो, कितव्या बारीपासून ऐकले, हे सांगण्यात कमीपणा मानू नये. पाचवा, दोष लिहायचा तर शेजारी बसलेल्यालाही तपासता येईल असा लिहावा, आणि बुवांच्या तोंडावर म्हणता येईल अशा शब्दांत लिहावा. सहावा, आपल्या बोलीतला शब्द नेमका असेल तर तो छापायला लाजू नये. 'पखवाज धावता' याला प्रमाण मराठीत मला अजून तितका चांगला शब्द सापडलेला नाही.

हे सगळे पाळूनही एक जागा उरतेच. निर्दोष गाणे आणि मोठे गाणे यांच्यामधली ती जागा. तिथे पोचल्यावर प्रामाणिक लेखकाने काय करावे? मला वाटते, त्याने तिथपर्यंतचा रस्ता नीट आखून द्यावा. कुठला अभंग, कुठली ओळ, कितव्यांदा घेतली तेव्हा, पखवाज कुठे थांबला, मांडवात काय झाले. एवढे सांगितले की वाचक त्या जागेच्या अगदी उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो. पुढचे पाऊल त्याच्या कानाचे आहे. तिथे त्याचा हात धरून आत ओढू पाहणे, आणि आत काय दिसेल तेही आधीच सांगून टाकणे, हा या धंद्यातला खरा आगाऊपणा.

या हिवाळ्यातही कार्तिकापासून जत्रा सुरू होतील. एखाद्या तरुण वाचकाला वही घेऊन मांडवात बसावेसे वाटले, तर त्याने आधी आजूबाजूची माणसे काय बोलतात ते तसेच्या तसे टिपून घ्यावे. समीक्षेचा निम्मा मजकूर तिथे तयार असतो. उरलेला निम्मा लिहायला थोडा कान आणि बरेचसे धैर्य लागते.